आकाशगंगेचा कुलवृत्तांत

१९८८ साली आयझॅक असिमॉव्ह यांची ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ ही कादंबरी निघाली. तिच्या सुरुवातीला लेखकाचं एक निवेदन आहे. आपल्या रोबोकथा, आकाशगंगेच्या साम्राज्याच्या कादंबऱ्या आणि ‘फाउंडेशन’ मालिका यांची मिळून आता एकच कथा झाली असून तिचे आजवर चौदा खंड आणि साडेचौदा लाख शब्द भरले आहेत, असं ते त्यात सांगतात. ज्या क्रमानं ही पुस्तकं वाचायला हवीत त्या क्रमानं ती लिहिली गेली नाहीत, म्हणून वाचकांच्या सोयीसाठी एक ते चौदा आकडे घालून त्यांनी यादीही दिली आहे.

यादी मोठी शिस्तशीर आहे. फक्त सहाव्या आणि सातव्या क्रमांकाच्या पुस्तकांची अदलाबदल झालेली आहे. सहाव्या ‘द करंट्स ऑफ स्पेस’मध्ये ट्रँटर या ग्रहाची सत्ता निम्म्या आकाशगंगेवर पसरलेली दिसते, तर सातव्या ‘द स्टार्स, लाइक डस्ट’मध्ये ट्रँटरचं कुणी नावही काढत नाही. डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या चाहत्यांनी ही गल्लत बरोबर पकडली. ज्यानं हे विश्व उभं केलं त्यालाच त्यातलं आधीचं कोण आणि नंतरचं कोण हे सांगताना अडखळायला व्हावं, यावरून ते कसं उभं राहिलं असेल याचा अंदाज येतो.

मराठी वाचकाला या प्रकाराचं फारसं नवल वाटू नये. कुलवृत्तांत असेच तयार होतात. आधी माणसं जन्माला येतात, चार गावांना पांगतात, एकमेकांची तोंडंही न पाहता संसार करतात. आणि शंभर वर्षांनी कुणी निवृत्त गृहस्थ कागदावर रेघा ओढून हे सगळे मूळचे एकाच घरातले असल्याचं सिद्ध करतात. मधल्या दोन पिढ्यांचा पत्ता लागत नसेल, तर तिथे तुटक रेघ मारतात. असिमॉव्ह यांच्या बाबतीत वेगळं एवढंच, की माणसं जन्माला घालणारे तेच होते आणि उतारवयात पेन्सिल घेऊन बसलेले गृहस्थही तेच.

सुरुवातीला घरं दोन होती. पहिलं रोबोंचं. असिमॉव्ह यांची पहिली रोबोकथा १९४० साली, त्यांच्या वयाच्या विसाव्या वर्षी छापून आली. एका लहान मुलीला सांभाळणाऱ्या मुक्या, मायाळू रोबोची ती गोष्ट. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘अ‍ॅस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांच्याशी बोलताबोलता रोबोंचे तीन नियम पक्के झाले. माणसाला इजा करायची नाही आणि होऊही द्यायची नाही, माणसाचं ऐकायचं, आणि या दोहोंना धक्का न लावता जमेल तेवढा स्वतःचा जीव सांभाळायचा. हे नियम कॅम्बेलांचे आहेत, असं असिमॉव्ह सांगत राहिले. छे, ते त्याच्या डोक्यात होतेच, असं कॅम्बेल म्हणत राहिले. लेखक आणि संपादक यांच्यात भांडणं पुष्कळ होतात. श्रेय एकमेकांच्या गळ्यात घालण्याचं भांडण विरळाच.

दुसरं घर ‘फाउंडेशन’चं. १ ऑगस्ट १९४१ रोजी असिमॉव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं कॅम्बेलांना भेटायला निघाले होते. संपादकापुढे ठेवायला एकही कल्पना नव्हती. हातात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचं पुस्तक होतं. ते मध्येच उघडलं तर एका पहारेकऱ्यापुढे गुडघे टेकलेली पऱ्यांची राणी निघाली. पहारेकऱ्यावरून सैनिक आठवले, सैनिकांवरून साम्राज्यं, साम्राज्यांवरून रोम. आणि गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास तर दोनदा वाचून झालेला. गाडीतून उतरेपर्यंत आकाशगंगेचं साम्राज्य कोसळायला सुरुवात झाली होती.

कॅम्बेल खूश झाले. एका कथेवर हे भागणार नाही, मालिका लिही, म्हणाले. शिवाय पुढच्या सगळ्या इतिहासाचा आराखडा करून आण. या मागणीला कारण होतं. त्यांचे दुसरे लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी आपल्या कथांचा असा तक्ताच केला होता आणि कॅम्बेलांनी तो मे १९४१ च्या अंकात छापलाही होता. कोणती गोष्ट कोणत्या काळात घडते, तेव्हा कोण हयात आहे, कोणता शोध लागलाय, सगळं रकान्यांत. असिमॉव्ह आज्ञाधारकपणे घरी गेले आणि आराखडा करायला बसले. तो जसजसा लांबत गेला तसतसा बावळट दिसायला लागला, म्हणून त्यांनी तो फाडून टाकला. पुढची पन्नास वर्षं त्यांना जो उद्योग पुरला, त्याचं मूळ त्या टोपलीत गेलेल्या कागदांत आहे.

‘फाउंडेशन’ची पहिली कथा मे १९४२ मध्ये छापून आली. मोबदला शब्दाला एक सेंट. हॅरी सेल्डन हा गणिती सायकोहिस्टरी नावाचं शास्त्र काढतो. एकटा माणूस उद्या काय करील ते सांगता येत नाही. पण माणसांची संख्या अब्जांच्या घरात गेली की त्यांचं गणित मांडता येतं, वायूच्या रेणूंचं मांडतात तसंच. या गणितानुसार साम्राज्य बुडणार आणि तीस हजार वर्षं अंधार राहणार. तो काळ एक हजार वर्षांवर आणण्यासाठी सेल्डन आकाशगंगेच्या दोन टोकांना दोन संस्था, म्हणजे दोन फाउंडेशन, स्थापन करतो. कथा पुढे सरकतात त्या बोलण्यातून. लढाया बहुधा आपल्या नजरेआड होतात आणि महापौर साल्वोर हार्डिन सिगार ओढत त्यांचा अर्थ समजावून सांगतात.

या साम्राज्यात अडीच कोटी वस्तीचे ग्रह आहेत, पण रोबो एकही नाही. परग्रहावरचा प्राणीही नाही. प्राणी नसण्याचं कारण साहित्यिक नव्हतं, संपादकीय होतं. माणूस आणि परग्रहवासी समोरासमोर आले की माणूसच वरचढ ठरला पाहिजे, असा कॅम्बेलांचा आग्रह असे. असिमॉव्ह यांना तो पटेना आणि संपादकाशी वाद घालणंही परवडेना. तेव्हा त्यांनी आकाशगंगेत माणसांखेरीज कुणाला जन्मालाच येऊ दिलं नाही.

तिसरं घर उभं राहिलं ते नकळत. १९५० साली डबलडे या प्रकाशनानं असिमॉव्ह यांची पहिली कादंबरी काढली, ‘पेबल इन द स्काय’. शिकागोचा बासष्ट वर्षांचा निवृत्त शिंपी जोसेफ श्वार्ट्‌झ रस्त्यानं चालताना एक पाऊल उचलतो आणि ते टेकतो हजारो वर्षांनंतरच्या पृथ्वीवर. तिथली जमीन किरणोत्सारी झाली आहे. अन्न अपुरं, म्हणून साठी उलटलेल्या माणसाला मारून टाकण्याचा कायदा आहे. म्हणजे श्वार्ट्‌झ पोचतो तोच दोन वर्षं उशिरा. हिरोशिमानंतरच्या त्या वर्षांत अणुयुद्धानं पृथ्वी नासली असं म्हटलं की वाचकाला पुढचा प्रश्न पडत नसे. पाठोपाठ ‘द स्टार्स, लाइक डस्ट’ आणि ‘द करंट्स ऑफ स्पेस’ आल्या.

मग आल्या रोबोंच्या रहस्यकादंबऱ्या. १९५४ च्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मध्ये न्यूयॉर्कचा पोलीस एलिजा बेली आणि हुबेहूब माणसासारखा दिसणारा रोबो आर. डॅनील ऑलिव्हॉ हे दोघं एका खुनाचा तपास करतात. भविष्यातल्या या पृथ्वीवर माणसांची इतकी गर्दी झाली आहे की सगळे पोलादी छताखालच्या शहरांत कोंबून राहतात आणि यीस्टपासून केलेले पदार्थ खातात. लोकसंख्येचा आकडा कादंबरीत स्पष्ट दिलेला आहे: आठ अब्ज. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं जगानं हा आकडा नोव्हेंबर २०२२ मध्ये गाठला आणि तोही उघड्या आभाळाखाली. असिमॉव्ह यांना स्वतःला मात्र बंद जागा फार आवडत. पंचवीस दशलक्ष ग्रहांवर माणसं नेऊन वसवणारा हा लेखक आयुष्यात विमानात बसला तो अवघ्या दोन वेळा.

१९५७ साली ‘द नेकेड सन’ आली. सोलॅरिया या ग्रहावर फक्त वीस हजार माणसं राहतात, दर माणशी दहा हजार रोबो बाळगतात आणि एकमेकांना प्रत्यक्ष भेटणं किळसवाणं मानून पडद्यावरच बोलतात. त्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला. अमेरिकेला आपण विज्ञानात मागे पडल्याचा साक्षात्कार झाला, आणि असिमॉव्ह कथा बाजूला ठेवून सामान्य वाचकांसाठी विज्ञान समजावून सांगायला बसले. तिन्ही घरांतल्या कादंबऱ्यांना पंचवीस वर्षं कुलूप लागलं.

चाहते मात्र दारावर थापा मारत राहिले. १९६६ साली ‘सर्वकाळची सर्वोत्तम मालिका’ म्हणून ह्यूगो पुरस्कार द्यायचं ठरलं तेव्हा तो टॉल्किनना मिळणार असं स्वतः असिमॉव्ह धरून चालले होते. मिळाला ‘फाउंडेशन’ला. त्यानंतर तर पुढं काय झालं, हे विचारणाऱ्यांना ऊतच आला. शेवटी १९८१ साली डबलडेनं विषय मार्गी लावला. ‘फाउंडेशन’ची नवी कादंबरी लिहा, आगाऊ रक्कम पन्नास हजार डॉलर. नेहमीच्या दसपट. प्रेरणा कशाला म्हणतात यावर पुष्कळ चर्चा होते. इथे ती धनादेशाच्या रूपात आली.

असिमॉव्ह यांनी तयारी म्हणून आपलेच तीन जुने खंड उघडले. काहीतरी घडेल म्हणून ते वाचत राहिले, आणि तिन्ही खंड संपले तरी घडलं काही नाही. नुसती माणसं बोलत होती. तरीही पुस्तक खाली ठेवावंसं वाटेना. मग तशीच, भरपूर बोलणारी नवी कादंबरी त्यांनी लिहिली. १९८२ ची ‘फाउंडेशन्स एज’ न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पंचवीस आठवडे राहिली. तोवर अडीचशेहून जास्त पुस्तकं लिहून झाली होती; या यादीत मात्र त्यांचा पहिलाच प्रवेश.

आता प्रकाशक मागे हटणार नव्हते आणि लेखकाच्या अंगात जोडणीचं वारं शिरलं होतं. रोबोंची ‘द रोबॉट्स ऑफ डॉन’ १९८३ साली आली. तिच्यात एक शास्त्रज्ञ सहज बोलून जातो, की माणसांच्या समूहांचे नियम सांगणारं एखादं गणित निघालं तर काय बहार होईल! म्हणजे सेल्डनच्या शास्त्राचं बी रोबोंच्या परसात पडलं. रेघ ओढायला सुरुवात झाली.

सोयरीक जमवायची तर आधी अडचणी निवाराव्या लागतात. पहिली अडचण: एलिजा बेलीच्या काळात रोबो होते, तर सेल्डनच्या काळात गेले कुठे? दुसरी: पृथ्वी इतकी महत्त्वाची होती, तर साम्राज्यात तिचं नावही कुणाला कसं आठवत नाही? तिसरी सगळ्यांत नाजूक: बॉम्बच्या किरणोत्सारानं ग्रह हजारो वर्षं तापत राहील आणि तरी त्यावर माणसं जगतील, हे विज्ञानात बसत नाही. असिमॉव्ह जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. ही चूक त्यांनी पुढे स्वतःच मान्य केली. दुसरा लेखक तेवढ्यावर थांबला असता. यांनी १९८५ साली त्यावर आख्खी कादंबरी लिहिली.

‘रोबॉट्स अँड एम्पायर’ या कादंबरीत पृथ्वी युद्धानं नासत नाही. ऑरोरा ग्रहावरचे दोन कारस्थानी एक यंत्र बसवतात आणि जमिनीतल्या युरेनियम-थोरियमचा किरणोत्सार हळूहळू वाढवतात. यंत्र बसवायला जागा निवडतात थ्री माइल आयलंड. १९७९ साली जिथल्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता, तीच. मनं वाचू शकणारा जिस्कार्ड हा रोबो हे कृत्य थांबवू शकतो, पण थांबवत नाही. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तरच माणसं घर सोडतील आणि आकाशगंगाभर पसरतील, असा त्याचा हिशेब. ज्यांनी रोबोंवर विसंबून आराम केला ते खुंटले, रोबोंशिवाय निघाले ते वाढले. पहिल्या दोन अडचणीही त्यातच मिटल्या.

पण माणसाला इजा होऊ न देण्याचा पहिला नियम? त्यावर तोडगा असा, की माणसापेक्षा मानवजात मोठी. हा नवा नियम पहिल्याच्याही आधी यायला हवा, आणि एक ते तीन आकडे तर केव्हाच वाटून झालेले. म्हणून त्याला शून्यावा नियम म्हटलं. उष्मागतिकीत भौतिकशास्त्रज्ञांवर हीच पाळी आली होती आणि त्यांनीही शून्याचाच आसरा घेतला होता. मानवजातीचं भलं नेमकं कशात आहे, या शंकेनं जिस्कार्ड बिचारा जागच्या जागी निकामी होतो. जाताना आपली मनं हाताळण्याची शक्ती मात्र डॅनीलला देऊन जातो.

आणि इथून डॅनील ऑलिव्हॉची खरी नोकरी सुरू होते.

१९८६ च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये ट्रेव्हाइझ नावाचा नायक हरवलेली पृथ्वी शोधत निघतो. वाटेत सगळी जुनी ठिकाणं लागतात. रोबोकादंबऱ्यांत सुसंस्कृतपणाचं शिखर असलेल्या ऑरोरावर आता रानटी कुत्री उरली आहेत आणि ती नायकाला झाडावर चढायला लावतात. शेवटी चंद्राच्या पोटात त्याला भेटतो तो डॅनील. वय वीस हजार वर्षं. शरीर बदललं, मेंदूही बदलून घेतले, पण काम तेच. पृथ्वीच्या नोंदी त्यानंच पुसल्या, सायकोहिस्टरीमागे तोच, आणि ती फसली तर पर्याय हवा म्हणून एक अख्खा ग्रह एका मनाचा करून ठेवला तोही त्यानंच. दोन वर्षांनी आलेल्या ‘प्रील्यूड’मध्ये आणखी उलगडा होतो. तरुण सेल्डनला पळून जायला मदत करणारा पत्रकार हाच, आणि ज्याच्यापासून सेल्डन पळतोय तो सम्राटाचा प्रधानही हाच. सेल्डनचा जीव सांभाळणारी डॉर्स पुढे त्याची बायको होते. तीही रोबो निघते. कथेत फट दिसली की असिमॉव्ह तिच्यात एक रोबो उभा करतात, आणि तो बहुधा डॅनीलच असतो.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र हातची गेली. एकटा माणूस इतिहास घडवत नाही, हा सेल्डनच्या शास्त्राचा कणा. पहिल्या तीन खंडांची गंमत त्यातच होती. सेनापती शूर असो की सम्राट शहाणा, लाट आपल्या गतीनंच जाणार. या गणिताला एकच अपवाद झाला, तो म्यूल नावाचा विलक्षण माणूस, आणि त्याला आवरता आवरता दुसऱ्या फाउंडेशनच्या नाकी नऊ आले. जोडणी पूर्ण झाल्यावर कळतं, की वीस हजार वर्षांचा इतिहास घडवला तो एका न्यूयॉर्की पोलिसाच्या साहाय्यकानं. तो माणूस नव्हता, एवढीच काय ती सेल्डनची लाज राखली गेली. परग्रहवासी का नाहीत, याचंही उत्तर असंच मिळालं. १९५५ च्या ‘द एंड ऑफ इटर्निटी’ या स्वतंत्र कादंबरीत काळात मागेपुढे जाऊन इतिहास दुरुस्त करणारे लोक होते. ‘फाउंडेशन्स एज’मध्ये दंतकथा येते, की त्यांनीच अनेक विश्वांतून फक्त माणसं असलेलं विश्व निवडलं. कॅम्बेलांच्या हट्टाला चाळीस वर्षांनी अशी वैश्विक मान्यता मिळाली.

‘फाउंडेशन अँड अर्थ’चा शेवट पुढच्या भागाची हुरहुर लावून होतो. पुढचा भाग काही सुचेना, म्हणून असिमॉव्ह मागे वळले आणि सेल्डनच्या तारुण्यात शिरले. सेल्डनच्या म्हातारपणाची ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ १९९३ साली आली, तोवर असिमॉव्ह जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यानंतर ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी १९९७ ते १९९९ या काळात एकेक कादंबरी लिहून उरलेल्या फटी बुजवल्या आणि प्रथेप्रमाणे थोड्या नव्या पाडल्या. २०२१ च्या दूरचित्रवाणी मालिकेनं तर सम्राटाशेजारी रोबो पहिल्याच हप्त्यांपासून उभा केला, आणि त्याला बाईचं रूप दिलं.

मधल्या काळात, १९८९ साली, असिमॉव्ह यांनी ‘नेमेसिस’ नावाची कादंबरी लिहिली होती. वाचकांचा गोंधळ नको म्हणून तिला पुन्हा एक निवेदन जोडलं. हिचा ‘फाउंडेशन’शी, रोबोंशी, साम्राज्याशी, कशाशीही संबंध नाही, ती स्वतंत्र आहे. पुढे कधी संबंध जोडणारी कादंबरी लिहीनही, कदाचित लिहिणारही नाही. अशी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. पण ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ वाचताना एका पानावर एक प्राचीन दंतकथा भेटते: एका तरुण मुलीला म्हणे एका आख्ख्या ग्रहाशी मनातून बोलता येत असे, आणि तो ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरत होता त्याचं नाव होतं नेमेसिस.